ट्रेनर, कोच, वस्ताद: ही माणसं या कामात येतात कुठून आणि का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला अकादमीत घालणारे पालक, पहिल्यांदाच पर्सनल ट्रेनर लावणारी मंडळी आणि स्वतः या कामात यायचं म्हणणारी पोरं-पोरी, तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. फी किती, कोर्स कोणता, डाएट कोण देणार. हा माणूस या कामात आला कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. जिममध्ये, मैदानावर आणि तालमीच्या कट्ट्यावर या लोकांबरोबर बसून माझं ठाम मत झालंय, की शिकवणारा ज्या वाटेने आला, तीच वाट तो नकळत तुम्हालाही चालायला लावतो. म्हणून ती आधी माहीत असलेली बरी.

ट्रेनर होणारी माणसं साधारण कोणत्या पार्श्वभूमीची असतात?

सगळ्यात मोठा गट खेळ अर्ध्यावर सुटलेल्यांचा. तालुका, जिल्हा, विभाग असं करत राज्य पातळीपर्यंत पोचलेला एखादा कबड्डीपटू किंवा धावपटू असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात, त्या आशेवर तो काही वर्षं काढतो. मग गुडघा जातो, किंवा घरी शेतीला माणूस लागतो, किंवा बहिणीचं लग्न निघतं. खेळ सुटतो, पण पहाटे उठायची सवय काही सुटत नाही. आधीचे सर म्हणतात, "लहान पोरांची बॅच घे." तो घेतो आणि तिथलाच होऊन जातो.

दुसरा गट माजी सैनिकांचा. लष्करातला जवान बहुतेक वेळा चाळिशीच्या आतबाहेर गावी परततो. अंगात ताकद असते, हातात पेन्शन असते आणि शिस्त लावायची इतकी सवय झालेली असते की रिकामं बसवत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बीड या पट्ट्यात गावोगावी ज्या भरती अकादम्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच अशा माणसांच्या आहेत.

तिसरे बी.पी.एड., एम.पी.एड. केलेले. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं म्हणून शिकले, पण शाळांमधली ही भरती वर्षानुवर्षं रखडली. त्यामुळे शारीरिक शिक्षणाची रीतसर पदवी असलेला माणूस सकाळी जिमच्या फ्लोअरवर आणि दुपारी कंत्राटी पीटी शिक्षक म्हणून काम करताना सापडतो.

शहरात आणखी एक वाट दिसते. बैठी नोकरी, वाढलेलं वजन, डॉक्टरांनी दिलेला इशारा, मग वर्ष-दोन वर्षं घाम गाळून बदललेलं शरीर. अशा माणसाला आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्यालाही द्यावंसं वाटतं, आणि तो नोकरी सोडून सर्टिफिकेट कोर्स करतो. पुण्यात हिंजवडी, बाणेर भागात असे ट्रेनर सहज भेटतात. नवख्या माणसाची धास्ती त्यांना सगळ्यात चांगली कळते, कारण पहिल्या दिवशी मशीनसमोर उभं राहून कुठे हात घालावा हे न कळणं त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं. मात्र आपल्याला लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडेल, ही त्यांची समजूत सहजासहजी जात नाही.

शरीरसौष्ठवातून येणाऱ्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

स्वतः मोठा खेळाडू नसलेला माणूस चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शिवाजी पार्कवर होतं. रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी मैदानावर मुलं घडवली. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार ही त्यांच्या हाताखालून गेलेली नावं. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री, आणि 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले.

सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात जास्तीत जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून. संध्याकाळी पोरगा दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करील त्या गोलंदाजाला नाणं मिळायचं आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याला. हे सगळं त्याने स्वतः सांगितलंय. नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर निरोप घेताना तो म्हणाला, की गेल्या 29 वर्षांत सर मला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत.

मला यात दिसतं ते असं. ज्याला स्वतःला थोडंच खेळायला मिळालं, त्याला खेळायला मिळण्याची किंमत कळलेली असते. सरांची सगळी धडपड होती ती मुलाला जास्तीत जास्त चेंडू खेळायला मिळावेत म्हणून. उपजत गुणवत्ता असलेल्या खेळाडूला पुष्कळदा सांगताच येत नाही की तो फटका कसा मारतो, कारण तो त्याने कधी तुकड्यातुकड्यांनी शिकलेलाच नसतो. कष्टाने शिकलेल्या माणसाला प्रत्येक तुकडा माहीत असतो.

दुसरं उदाहरण आजचं. दीपाली देशपांडे 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला नेमबाज म्हणून गेल्या, पदक हाती लागलं नाही. वीस वर्षांनी त्यांचा शिष्य, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या वर्षीच्या द्रोणाचार्य पुरस्कारात देशपांडे यांचं नाव होतं.

म्हणजे प्रशिक्षक स्वतःचं अपुरं राहिलेलं स्वप्न मुलांवर लादतात का?

काही लादतात. पण अपुरं राहणं आणि लादणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखापतीने खेळ सुटलेला प्रशिक्षक दोन प्रकारचा होतो. एक म्हणतो, "मी दुखत असतानाही खेळलो, तूही खेळ." दुसरा म्हणतो, "मी दुखत असताना खेळलो म्हणून आज असा बसलोय, तू थांब." दोघांचा गुडघा एकाच ठिकाणी गेलेला असतो. तुमचा ट्रेनर यातला कोणता, हे कळायला आठवडाभर पुरतो. मुलगा "सर, दुखतंय" म्हणाला की ते काय करतात ते बघा. आधी कुठे दुखतं, कधीपासून, कसं, हे विचारणारा माणूस धरून ठेवा.

भारतीय क्रिकेट संघाबरोबर असणारा थ्रोडाऊन तज्ज्ञ राघवेंद्र, सगळे ज्याला रघू म्हणतात, हा कारवारच्या खालच्या कुमठ्याचा. हाताच्या दुखापतीने त्याचं खेळणं संपलं. मग तो बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत फलंदाजांना चेंडू टाकून सराव द्यायला लागला, आणि साइडआर्मने, म्हणजे चेंडू जोरात टाकायच्या लांब दांड्याच्या साधनाने, तो जो वेग काढतो त्यामुळे वेगवान गोलंदाजी खेळताना किती फरक पडला, हे विराट कोहलीने जाहीरपणे सांगितलंय. आपल्या वाट्याचं खेळणं संपलं तरी दुसऱ्याच्या खेळाला आपण लागतो, या एका भावनेवर माणूस आयुष्य काढू शकतो.

तालमीतल्या वस्तादांना पूर्वी फी नसायची. मग ते का शिकवायचे?

कारण त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असायचं. कोल्हापुरातल्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी अशाच चालत आल्या. बाप गावाकडून पोरगं घेऊन यायचा, वस्तादांच्या पायावर घालायचा आणि "आजपास्नं ह्यो तुमचा" म्हणून निघून जायचा. खुराकाचं दूध, तूप, बदाम घरून यायचं. वस्तादांची कमाई म्हणजे मान, आणि मैदानात पठ्ठ्याने कुस्ती मारली की "कुणाचा पठ्ठ्या?" या प्रश्नाला मिळणारं आपलं नाव.

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं मिळवून आले, 1964 ला टोकियो ऑलिम्पिक खेळले आणि पुढची कित्येक वर्षं मोतीबागेत पोरांना घडवत राहिले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्यांनी नामांकित मल्ल सतपालला चितपट केलेली 1977 ची बेळगावची कुस्ती जुने शौकीन अजून डोळे मिटून सांगतात. नंतर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत आले. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याकडे घडला. 2011 मध्ये बिराजदार गेले, तेव्हा त्यांचेच शिष्य काका पवार यांनी राहुलला पुढे नेलं. 2018 मध्ये राहुलने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. एका पिढीचं देणं दुसरी पिढी फेडते ते असं.

तालमीत शिकवणं कसं चालतं ते जवळून बघायला हवं. पहाटे हौद्यातली माती खणून मऊ केलेली असते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं, त्याचा वास बाहेरच्या बोळापर्यंत येतो. दोन पोरं भिडतात. वस्ताद कट्ट्यावर बसलेले, बोलत काहीच नाहीत. एकाने पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, घेतला आणि मान खाली गेली, की वस्तादांच्या हातातली काठी जमिनीवर एकदा आपटते. पोरगं मान वर घेतं. एवढंच. तो आवाज कशासाठी होता हे त्या पोराला पक्कं माहीत असतं, कारण महिनाभर तीच चूक आणि तोच आवाज चाललेला असतो.

आता मॅट आली, परवाने, स्पर्धांचे गट आले, वसतिगृहं आणि मेस आली, त्यांचा खर्च आला. फी घेणारी संकुलं उभी राहिली ती या गरजेतून. फी घेतली म्हणून वस्तादकी उणी झाली असं मी मानत नाही. फुकट शिकवणाऱ्या कित्येक जुन्या मल्लांची म्हातारपणी औषधपाण्याची आबाळ झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पोलीस भरतीच्या अकादमीत शिकवणारे नेमके कोण असतात?

या प्रश्नाला इतर कुठे नीट उत्तर मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावणे 20 गुणांना, 100 मीटर 15 गुणांना आणि गोळाफेक 15 गुणांना. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. गोळा मुलांसाठी 7.260 किलोचा, मुलींसाठी 4 किलोचा. एकेक गुणावर यादीतला नंबर हलतो, त्यामुळे मैदानाचे गुण काढून देणाऱ्या माणसाला गावागावात मागणी आहे.

शिकवणाऱ्यांत माजी सैनिक असतात हे वर आलंच. पण त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष पळवणारा जो तरुण असतो, तो बहुतेक वेळा भरतीत थोडक्यात राहिलेला असतो. एक-दोनदा यादी हुकली, वयोमर्यादा संपली. मैदान त्याला तोंडपाठ आहे: कुठल्या वळणावर दम टाकायचा, शेवटच्या फेरीत कधी सुटायचं. तो आपल्या धाकट्या भावाच्या वयाच्या मुलांना ते देतो. आपण शिकवलेली दहा पोरं वर्दीत आली की तिच्यातला थोडा वाटा आपला, असं त्याला वाटतं, आणि ते खरंही आहे.

गोळा शिकवताना यांच्यापैकी चांगला माणूस ओळखू येतो. नवखा पोरगा गोळा दगडासारखा भिरकावतो. कोपर खाली येतं, गोळा मानेपासून सुटतो आणि खांद्यावर ताण पडतो. चांगला प्रशिक्षक आधी गोळा काढूनच घेतो. मोकळ्या हाताने उभं करतो, मागच्या पायावर वजन टाकायला लावतो, कमरेला हात लावून ती कशी वळायला हवी ते दाखवतो. "गोळा हातानं जात नाही रे, पायानं जातो," हे त्याचं रोजचं वाक्य. दोन आठवडे असंच चालतं, मग गोळा हातात येतो. घाईतला प्रशिक्षक पहिल्याच दिवशी रांग लावून पन्नास-पन्नास वेळा फेकायला लावतो आणि महिन्याभरात अर्ध्या बॅचचे खांदे धरतात.

अकादमी निवडताना फ्लेक्सवर किती फोटो आहेत हे मोजू नका. एकाच पोराचा फोटो तीन अकादम्यांच्या फ्लेक्सवर असतो. सकाळी सहाला मैदानावर जाऊन बसा.

नुसती बॉडी बघून जिम ट्रेनर निवडावा का?

नको. पण बॉडी कमावलेल्या माणसाला कमी लेखू नका. मुंबई श्री, महाराष्ट्र श्री, भारत श्री या स्पर्धांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गिरणगावातल्या आणि चाळींतल्या व्यायामशाळांतून, कोल्हापूरच्या तालमींतून ही मुलं आली. सुहास खामकर, संग्राम चौगुले ही कोल्हापूरची नावं सगळ्यांना माहीत आहेत. स्टेजवर उभं राहायला महिनोन्महिने मोजून खाणं, न चुकता व्यायाम आणि भरपूर पैसा लागतो. बक्षिसाच्या रकमेत तो खर्च निघत नाही. त्यामुळे शरीरसौष्ठवपटू ट्रेनर होतो तो पुष्कळदा स्वतःच्या खुराकाची सोय म्हणून. सकाळ-संध्याकाळ क्लायंट, दुपारी स्वतःचा व्यायाम.

अडचण एवढीच, की त्याचा अनुभव पंचविशीतल्या, भरपूर व्यायाम पेलणाऱ्या शरीराचा असतो. तुमचं वय पन्नास, कंबर धरलेली, रक्तदाबाची गोळी चालू. त्याला तुमच्यासाठी वेगळा विचार करता येतो का, हे बघायचं. स्क्वॉट करताना तुमची टाच उचलली जाते हे त्याच्या लक्षात आलं का? आल्यावर त्याने वजन कमी केलं, टाचेखाली आधार दिला, की "अजून दोन, अजून दोन" म्हणत मोजत राहिला?

ट्रेनर प्रोटीन पावडर विकतो म्हणजे तो लबाड का?

लगेच तसं समजू नका. पगार कमी, त्यामुळे सप्लिमेंटच्या विक्रीवरचं कमिशन हा अनेकांचा जोडधंदा आहे. त्याने उघड सांगितलं आणि घेण्याची सक्ती केली नाही, तर त्यात गैर काही नाही. इंजेक्शन किंवा स्टेरॉइडचा 'कोर्स' सुचवला, तर मात्र त्याच दिवशी तो ट्रेनर सोडा. स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तूच नाही. हृदय, यकृत आणि मूल होण्याची क्षमता यांवर त्याचे परिणाम होतात. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाची उत्तेजक चाचणी होऊ शकते आणि पकडला गेला तर वर्षानुवर्षांची बंदी येते. देणारा "मीही घेतलंय, काही होत नाही" असं म्हणत असेल, तर तो बहुधा मनापासून बोलत असतो, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

शिक्षण किती लागतं? कोर्स कोणते?

जिम ट्रेनर होण्यासाठी आपल्याकडे कायद्याने बंधनकारक अशी एकच पदवी नाही. त्यामुळे तीन-चार दिवसांच्या वर्कशॉपपासून दोन वर्षांच्या एम.पी.एड.पर्यंत सगळं एकाच 'सर्टिफाइड' शब्दाखाली खपतं.

खेळाच्या प्रशिक्षणात सगळ्यात मानाची आहे ती पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका. ही संस्था 1961 मध्ये सुरू झाली. कुणी "मी एनआयएस आहे" म्हणालं की तो याच संस्थेबद्दल बोलत असतो, फक्त पदविका की सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स, एवढं विचारून घ्या, कारण दोन्ही केलेले लोक तेच तीन अक्षरांचं नाव सांगतात. आपल्या राज्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून शारीरिक शिक्षणाचं मोठं काम उभं केलंय. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे महाविद्यालय आहे. जिमसाठी एसीई, एनएससीए, एसीएसएम या अमेरिकन संस्थांची प्रमाणपत्रं शहरांत चालतात.

माझ्यासाठी एक कागद या सगळ्यांच्या आधी येतो, तो म्हणजे प्रथमोपचार आणि सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचा). फ्लोअरवर कुणी कोसळलं तर पहिली दोन मिनिटं काय करायचं, हे ज्याला येत नाही, त्याच्या हाताखाली मी माझ्या आईला व्यायाम करू देणार नाही.

अमेरिकेत 'अॅथलेटिक ट्रेनर' वेगळा असतो म्हणतात. ते काय आहे?

तिथे तो आरोग्यसेवेतला माणूस असतो. वजन कमी करून देणं हे त्याचं कामच नाही. दुखापत टाळणं, मैदानावर झालेली दुखापत लगेच तपासणं, पट्टी बांधणं, डोक्याला मार लागला तर खेळाडूला बाहेर काढणं आणि त्याला टप्प्याटप्प्याने खेळात परत आणणं, हे त्याचं काम. त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. आज तिथे या व्यवसायात यायला पदव्युत्तर शिक्षण लागतं. आपल्याकडून फिजिओथेरपी करून गेलेली मराठी मुलं तिथल्या विद्यापीठांत हा अभ्यासक्रम पाहून चकित होतात, कारण तिथे शाळेच्या संघाबरोबरसुद्धा असा माणूस उभा असतो.

आपल्याकडे हे काम दोघांत वाटलेलं आहे: दुखापत बघणारा स्पोर्ट्स फिजिओ आणि ताकद-दमसासाचा व्यायाम घेणारा स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच. भारतीय क्रिकेट संघात ही पद्धत रुळली ती शतक बदलताना, अँड्र्यू लीपस फिजिओ म्हणून आणि एड्रियन ल रू ट्रेनर म्हणून आले तेव्हा. त्यानंतर आपल्याकडच्या तरुण फिजिओंना कळलं, की क्लिनिकमध्ये बसण्यापलीकडेही आपल्याला जागा आहे. या वाटेने येणारे बहुतेक जण शाळा-कॉलेजात खेळलेले, बारावीला जीवशास्त्र घेतलेले आणि मैदानापासून लांब जायची इच्छा नसलेले असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र अजूनही बर्फाची पिशवी आणि स्प्रे घेऊन धावणारे पीटीचे सरच सगळं बघतात.

पैसे किती सुटतात?

गावाप्रमाणे आणि जिमप्रमाणे एवढा फरक आहे की एक आकडा सांगणं चुकीचं ठरेल. रचना सांगतो. फ्लोअर ट्रेनरला ठरावीक पगार असतो, तो कमीच असतो. पर्सनल ट्रेनिंगचा क्लायंट मिळाला की त्याच्या फीतला काही वाटा जिम ठेवते, उरलेला ट्रेनरचा. म्हणजे तुम्ही देता ती सगळी रक्कम त्याच्या हातात पडत नाही. कामाचे तास सकाळी साडेपाच-सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा, मधली दुपार ना धड घरची ना कामाची. दिवाळी आणि मे महिन्यात क्लायंट गावाला जातात, जानेवारीत संकल्पवाल्यांची गर्दी होते आणि मार्चपर्यंत ओसरते. आजारी पडलं तर त्या दिवसाच्या पर्सनल ट्रेनिंगचे पैसे बुडतात.

2020 च्या लॉकडाउनमध्ये जिमची शटर महिनोन्महिने बंद होती. तेव्हा कित्येक ट्रेनरनी भाजी विकली, डिलिव्हरी केली, आणि जिम उघडल्यावर परत आले. नुसत्या पैशासाठी आलेला माणूस परत येत नाही.

बायका या क्षेत्रात कशा येतात?

खेळाडू म्हणून येतात तशाच, आणि एका वेगळ्या गरजेतूनही. अनेक घरांत मुलीला किंवा सुनेला पुरुष ट्रेनरकडे पाठवत नाहीत. त्यामुळे तालुक्याच्या गावातही बाई ट्रेनर हवी असते. झुंबा आणि एरोबिक्सच्या बॅचपासून सुरुवात केलेल्या बऱ्याच जणी पुढे वजनाचा व्यायाम शिकवायला लागल्या. बाळंतपणानंतर स्वतःचं शरीर परत कमावताना ज्यांना योग्य माहिती मिळाली नाही, त्या त्याच विषयात शिकून इतरांना मदत करतात, आणि माझ्या पाहण्यात या ट्रेनर सगळ्यात सावध आणि सगळ्यात अभ्यासू असतात.

खेळाच्या बाजूला सुमा शिरूर यांचं नाव घ्यायला हवं. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठलेल्या या नेमबाजाने पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला आणि पॅरालिम्पिक सुवर्णविजेत्या अवनी लेखराला मार्गदर्शन केलं. घरचा विरोध, रात्रीचा प्रवास, संघाबरोबर बाहेरगावी मुक्काम या गोष्टी बाई प्रशिक्षकांना आजही आडव्या येतात. मुलींच्या संघाबरोबर एकही बाई प्रशिक्षक नसेल तर पालकांनी तो प्रश्न सभेत उभं राहून विचारावा.

ओरडणारा, मारणारा प्रशिक्षक जास्त चांगला घडवतो, हे खरं आहे का?

नाही. तो स्वतः मार खाऊन शिकलेला असतो आणि त्याला दुसरी पद्धत कुणी दाखवलेली नसते, बस. शिस्त वेगळी, हात उगारणं वेगळं. मूल सरावाला जायच्या वेळी पोटात दुखतंय म्हणत असेल, तर आधी त्याला विश्वासात घ्या. आणि एकांतात, बंद खोलीत, पालकांना न कळवता 'स्पेशल सराव' घेणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाला, तो कितीही नावाजलेला असो, लगेच थांबवा.

फी न घेता शिकवणारे आजही आहेत का?

आहेत. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाचं काम पिढ्यान्‌पिढ्या सेवाभावानेच चाललंय. तिथल्या उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकवला, देशोदेशींच्या लोकांना शिकवला. अशा मंडळांत शिकवणारी बहुतेक माणसं तिथेच लहानाची मोठी झालेली असतात. नोकरीवरून सुटली की घरी न जाता आधी मैदानावर येतात. त्यांना का येता विचारलं तर त्यांना प्रश्नच कळत नाही.

नाशिकलाही बघा. सावरपाड्याची कविता राऊत, मग संजीवनी जाधव, मोनिका आथरे, एकाच प्रशिक्षकाच्या, विजेंद्र सिंग यांच्या, हाताखाली लांब पल्ल्याच्या धावपटू म्हणून घडल्या. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे ते पगारी प्रशिक्षक. पण पाड्यावरच्या, अनवाणी पळणाऱ्या मुलीत काय आहे ते ओळखणं आणि वर्षानुवर्षं तिच्या मागे उभं राहणं, हे कुठल्याही नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं.

पहिल्या भेटीत ट्रेनरला काय विचारू?

तुम्ही स्वतः काय खेळत होता आणि ते का थांबलं? तुम्हाला कुणी शिकवलं? तुमच्याकडे सगळ्यात जास्त काळ टिकलेला माणूस कोण आणि त्याचं वय काय? दुखलं तर मला कुणाकडे पाठवाल? या चार प्रश्नांना माणूस मोकळेपणाने बोलला, की पुढची फीची चर्चा सोपी होते. चौथ्याला "माझ्याकडेच या, मी बरं करतो" असं उत्तर आलं तर विचार करा.

तुमच्या बाजूनेही सगळं सांगा. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, पाठीचं दुखणं. लाज वाटते म्हणून लोक लपवतात आणि मग ट्रेनरला दोष देतात.

चाळिशीनंतर ट्रेनर काय करतात?

काही जण स्वतःची जिम काढतात, कर्ज काढून. काही शाळेत कंत्राटी लागतात. काही फक्त ज्येष्ठांच्या बॅच घेतात, आणि तिथे त्यांचा अनुभव खऱ्या अर्थाने कामी येतो, कारण तोवर त्यांचाही खांदा कुरकुरायला लागलेला असतो. बरेच जण धंदा सोडून गावी परततात. पीएफ नसतो, विमा क्वचितच असतो. तुम्ही या कामात नव्याने येत असाल तर पहिल्या पगारापासून आरोग्य विमा आणि आवर्ती ठेव सुरू करा, दर दोन वर्षांनी एक नवा कोर्स करा, आणि एखादं वर्ष तरी तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या ट्रेनरच्या हाताखाली फक्त बघण्यासाठी उभे राहा.